लिफ्ट बंद आहे

वर विमानं, खाली गाड्या,
मध्ये काचेचा पूल आणि एकच लिफ्ट.
तेरा माणसं किंवा एक हजार किलो, असं दारावर कोरलंय.
आज त्याखाली कागद: बंद आहे.
अक्षर गुंडुलाचं, उजवीकडे कललेलं, घाईत असल्यासारखं.
बाई मात्र कधीच घाईत नसते.

एरवी या स्टेशनात माणसांपेक्षा घोषणाच जास्त.
लाइपझिगची गाडी येते, हालेची येते,
दार उघडतं, कुणी उतरत नाही, दार मिटतं,
जांभई दिल्यासारखं.
मी कॉफी विकते. दिवसाचे वीस कप, त्यातले तीन गुंडुलाचे.
ती पैसे देते, मी घेत नाही, ती ठेवून जाते.
एकोणीस वर्षं हेच चाललंय.

आज पाऊस पडताक्षणी गोठत होता.
अंतल्याहून आलेलं विमान कसंबसं टेकलं,
आणि मग फलकावर लाल अक्षरं उठत गेली
गोवर उठावा तशी.
टॅक्सीवाल्यांनी हात वर केले. बस आलीच नाही.
सगळा विमानतळ जिन्याने खाली उतरू लागला.

अर्ध्या चड्डीतला बाप, नाक उन्हाने सोललेलं,
दोन मुली, पायात सपाता, बोटं निळी,
धाकटीच्या काखेत फुगवलेली मगर,
तिची हवा काढायला वेळच झाला नव्हता.
चेलो पाठीवर घेतलेला एक काटकुळा,
थोरल्या भावाला दवाखान्यात नेतोय जणू.
व्हिएन्ना हुकलेले चार वकील.
कुणाची तरी संत्र्यांची जाळी फाटली,
संत्री पायरी-पायरीने उड्या मारत खाली आली,
त्यांचं लिफ्टवाचून काही अडलं नाही.

कॉफी संपली. दूध संपलं.
मग मी नुसतं गरम पाणी दिलं;
लोक तेही फुंकर घालून प्यायले.

अकरा बावन्नची शेवटची.
अकरा एक्कावन्नला पुलाच्या टोकाशी दिसली
चाकाच्या खुर्चीत म्हातारी, मांडीवर टोपली, टोपलीत मांजर,
मागे नातू, असेल पंधराएक वर्षांचा.
त्याने कागद वाचला.
मग त्रेपन्न पायऱ्या वाचल्या.

गुंडुलाने शिटी ओठांना लावली होती.
फेब्रुवारीत ती निवृत्त होणार, केक सांगून ठेवलाय,
इतक्या वर्षांत तिच्या हातून एक गाडी उशिरा सुटलेली नाही.
तिने शिटी कोटाच्या खिशात टाकली
आणि दारात एक पाय ठेवून उभी राहिली.
दार मिटायला आलं, बुटाला लागलं, मागे गेलं.
पुन्हा आलं, पुन्हा गेलं.

काटकुळा वर धावला. वकील धावले.
बापाने मगर माझ्या काउंटरवर ठेवली.
"माझं बोट!" "डावीकडे, अहो, तुमच्या डावीकडे!"
म्हातारी ओरडत होती, "मला सोडा, मांजर धरा!"
चालकाने खिडकीतून डोकं काढलं.
गुंडुला छताकडे बघत होती,
तिथेच वेळापत्रक लावलंय अशी.

अकरा छप्पन्न.
उशिराचं कारण नोंदवहीत लिहावं लागतं.
बराच वेळ पेन हवेत.
मग तिने लिहिलं: पाय अडकला.

मीही एकदा वरूनच उतरले होते,
अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत, हनोईहून,
रबरी चपला घालून.
कुणीतरी मोजे दिले. तपकिरी, अंगठ्याला भोक.
मोजे आठवतात. माणूस आठवत नाही.

गुंडुला आली. तिच्या कपात मी गरम पाणी ओतलं.
तिने नाणी ठेवली.
"पाण्याचे?"
"मग? हिच्यासाठी ठेव," म्हणाली मगरीकडे बोट करून,
आणि रिकाम्या फलाटावर फेरी मारायला गेली.

कुलूप लावताना मगरीची हवा काढणार होते,
टोपणाला हातही घातला.
मग वाटलं, पहिली गाडी चार वीसची,
कुणी न्यायला आलंच तर.